रस्ते किती किलोमीटर, मृत्यू किती? बॅ. जयकरांपासून दर्यापूरपर्यंतचा हिशेब

दर्यापूरच्या कुठल्याही पंपावर गाडीत पेट्रोल टाका, त्यातला काही पैसा रस्त्यांसाठीच्या उपकरात जातो. हा उपकर दिल्लीत जमा होतो आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग, राज्यांचे रस्ते, गावरस्ते, रेल्वेवरचे उड्डाणपूल अशा कामांना वाटला जातो. पेट्रोलवर कर लावून रस्ते बांधायचे, ही कल्पना भारतात जवळपास १०० वर्षे जुनी आहे. ती सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते एक मराठी बॅरिस्टर, मुकुंद रामराव जयकर.

सिव्हिल इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाने हे नाव एकदा तरी पाठ केलेले असते. महामार्ग अभियांत्रिकीच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण जयकर समितीने सुरू होते आणि परीक्षेत त्यावर हमखास टीप येते. समिती १९२७ ची, अहवाल १९२८ चा, शिफारशी चार, एवढे लिहिले की गुण मिळतात. हे जयकर कोण होते, हे त्या पुस्तकात कुठेच नसते.

आज ते आठवायचे कारण वेगळे आहे. २०३० पर्यंत रस्ते अपघातांतील मृत्यू निम्मे करायचे, हे संयुक्त राष्ट्रांच्या दशकाचे उद्दिष्ट आहे आणि भारतानेही ते स्वीकारले आहे. मोजणी २०२१ पासून धरली, तर त्या वर्षी देशात १,५३,९७२ जणांचा रस्त्यावर जीव गेला. निम्मे म्हणजे साधारण ७७ हजार. प्रत्यक्षात २०२२ मध्ये हा आकडा १,६८,४९१ झाला आणि २०२३ मध्ये १,७२,८९०. त्याच काळात आपण रस्ते बांधण्याचे विक्रम करत होतो. त्यातला एक तर आपल्या दारातच झाला. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करण्यात आली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला, २५ किलोमीटरचा होता.

म्हणजे रस्त्याची लांबी आपण मिनिटापर्यंत मोजतो. रस्त्यावर गेलेल्या माणसांचा हिशेब कसा मोजतो आणि त्यात प्रगती झाली की नाही हे कशावरून ठरवतो, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी सुरुवात जयकरांपासून करावी लागते.

कोण होते जयकर?

जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मुंबई, पाठारे प्रभू समाजातले घर. आजोबा वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर हे नामांकित वकील आणि वेदान्ताचे अभ्यासक. आजोबांचे वेदान्तावरचे लेखन पुढे १९२४ मध्ये जयकरांनीच संपादित करून पुस्तकरूपाने आणले. मुंबईत कायद्याची पदवी, मग लंडनला जाऊन बॅरिस्टर, आणि १९०५ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली. त्या काळच्या मुंबईच्या वकील मंडळींत मोहम्मद अली जीनाही होते. पुढची ३० वर्षे या दोघांची गाठ राजकारणात पडत राहिली, बहुतेक वेळा समोरासमोरच्या बाकांवर.

जालियनवाला बाग हत्याकांडानंतर काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर हे त्या समितीत होते. साक्षी काढणे, त्या तपासणे, विसंगत असतील त्या बाजूला ठेवणे, असे वकिली शिस्तीचे काम होते. किती माणसे मारली गेली याचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा जुळत नाही, हा अनुभव जयकरांनी तिथे जवळून घेतला असणार. (हा माझा अंदाज आहे.)

१९२३ मध्ये स्वराज्य पक्षाकडून ते मुंबई विधिमंडळात गेले आणि तिथले पक्षनेते झाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांची वाट बदलली आणि ती वऱ्हाडातून बदलली.

अमरावतीचे तांबे आणि अकोल्याची परिषद

स्वराज्य पक्षाचे धोरण असे होते की विधिमंडळात जायचे, पण सरकारी पद घ्यायचे नाही. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या कार्यकारी मंडळातले पद स्वीकारले. ते स्वराज्य पक्षाचेच होते आणि मध्य प्रांत विधिमंडळाचे अध्यक्षही. पक्षात आग लागली. मोतीलाल नेहरूंनी त्यांच्यावर कडक टीका केली. पुण्याचे न. चिं. केळकर आणि मुंबईचे जयकर यांनी उलट बाजू घेतली. सरकार जिथे थोडे देते तिथे ते घ्यावे, वापरावे आणि पुढचे मागावे, असा त्यांचा सूर होता. याला प्रतियोगी सहकारिता म्हणत. शब्द जड असला तरी मुळात तो टिळकांच्या शेवटच्या वर्षांतल्या धोरणाचाच धागा होता.

फेब्रुवारी १९२६ मध्ये या मंडळींची परिषद अकोल्यात झाली आणि वेगळ्या पक्षाचा कार्यक्रम तिथे ठरला. जयकर, केळकर, नागपूरचे डॉ. मुंजे, यवतमाळचे बापूजी अणे ही त्यातली ठळक नावे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जयकर दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात निवडून गेले.

हा राजकीय तपशील रस्त्यांच्या लेखात कशाला, असे कुणाला वाटेल. पण जयकर जर बहिष्काराच्या बाजूला राहिले असते, तर सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आलेच नसते. १९२७ मध्ये ते आले.

समितीपुढचे तीन प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या होत्या. रस्ते मात्र बैलगाडीचे होते आणि ते सांभाळायचे काम जिल्हा बोर्डांकडे होते. त्यांच्याकडे पैसा नव्हता. लोखंडी धावेची चाके खडी फोडत, मागून येणारी लॉरी ती उडवत नेई आणि पावसाळ्यात उरलेले वाहून जाई. दर्यापूरसारख्या भागात त्यात काळ्या मातीची भर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता हलवत राहते. आजही मूर्तिजापूर किंवा अकोटच्या दिशेने गाडी चालवताना लाटेवरून जात असल्यासारखे वाटते, त्यामागे बऱ्याच अंशी हेच आहे.

त्या काळी दर्यापूरचा कापूस मूर्तिजापूरला जायचा तो बैलगाडीने किंवा शकुंतलेने. मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली होती आणि दर्यापूरचे स्टेशन बनोसा. पावसाळ्यात गाडीवाट बंद झाली की तीच काय ती सोय.

समितीपुढे तीन प्रश्न होते. भारतात रस्त्यांचा विकास करणे इष्ट आहे का, त्याला पैसा कुठून आणायचा आणि केंद्र व प्रांत यांच्या अधिकारांची वाटणी सांभाळून मध्यवर्ती रस्ते मंडळ नेमता येईल का. फेब्रुवारी १९२८ च्या अहवालात समितीने सांगितले की रस्ते हा आता जिल्हा बोर्डांच्या आवाक्यातला विषय उरलेला नाही, तो राष्ट्रीय हिताचा आहे. शेतमालाला बाजार मिळणे, खेड्यातल्या लोकांची सामाजिक व राजकीय प्रगती आणि रेल्वेला जोड, ही त्यामागची कारणे. पैशासाठी पेट्रोलवर जादा कर. तांत्रिक माहितीची देवाणघेवाण करायला अभियंत्यांची निमसरकारी संस्था आणि पुढे एक संशोधन संस्था.

या शिफारशी कागदावर पडून राहिल्या नाहीत. समित्यांच्या इतिहासात हे तसे विरळाच. १९२९ मध्ये गॅलनमागे २ आणे जादा कर लागला आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. वळणाची त्रिज्या, गतिरोधकाची उंची, रस्त्यावरच्या पट्ट्यांची रुंदी यांचे जे मानक आज कंत्राटात लिहिलेले असते ते हीच संस्था ठरवते. संशोधन संस्था १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत उभी राहिली. १९३९ चा मोटार वाहन कायदाही याच दशकातल्या हालचालींतून आला. तो १९८८ पर्यंत चालला.

निधी वाटायची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. थोडा हिस्सा केंद्राकडे राखून बाकीची रक्कम प्रांतांना द्यायची ती त्यांच्या पेट्रोलच्या वापराच्या प्रमाणात. ज्याने कर भरला त्याला रस्ता, असा तर्क. पण बैलगाडी पेट्रोल पीत नाही. मोटारी जिथे आधीच होत्या तिथे पैसा जास्त गेला. जे मोजले जाते त्यालाच पैसा मिळतो, याचे हे पहिले उदाहरण.

आणि मृत्यू? समितीच्या तीन प्रश्नांत तो विषयच नव्हता. १९२७ चा भारत पाहता त्यात फार आश्चर्य नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्येसुद्धा सबंध देशात नोंदणीकृत वाहने फक्त ३ लाखांच्या आसपास होती.

नागपूरचा आराखडा

डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. जयकर तिथे नव्हते, पण त्यांच्या समितीने घातलेल्या पायावरच ही बैठक होती. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, म्हणजे दर्यापूरचीही. तिथे २० वर्षांचा पहिला देशव्यापी रस्ते आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तिथली. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या फलकावर आज दिसणारी अक्षरे तिथून आली.

उद्दिष्ट होते दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता. शेतीने विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ८ किलोमीटरपेक्षा दूर नसावे, अशीही अट होती. हे उद्दिष्ट १९६१ मध्ये, मुदतीच्या दोन वर्षे आधी, गाठले गेले. अर्थात पूल नसलेले आणि डांबर न लागलेले रस्तेही या लांबीत धरलेले होते.

इथे देशाच्या प्रगतीचे एक माप पक्के झाले, ते म्हणजे लांबी. १९५१ मध्ये सुमारे ४ लाख किलोमीटर असलेले रस्ते आता ६३ लाख किलोमीटरपर्यंत गेले आहेत. दरवर्षी संसदेत विचारला जाणारा प्रश्नही दिवसाला किती किलोमीटर बांधले, असाच असतो.

एकच देश, दोन उत्तरे

मृत्यू मोजायची पहिली मोठी सांख्यिकी मांडणी ब्रिटनमध्ये झाली. रूबेन स्मीड हे महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी आकडेमोड करणारे संख्याशास्त्रज्ञ. युद्धानंतर ते रस्ते संशोधनाकडे वळले. १९४९ मध्ये त्यांनी २० देशांचे १९३८ चे आकडे मांडून एक सूत्र दिले. लोकसंख्येचा वर्ग गुणिले वाहनांची संख्या, त्याचे घनमूळ काढायचे आणि ०.०००३ ने गुणायचे. उत्तर म्हणजे त्या देशात वर्षाला अपेक्षित मृत्यू. सूत्रातून एक विचित्र गोष्ट निघते. वाहने वाढली की दर वाहनामागे मृत्यू आपोआप कमी होत जातात, सरकारने काही केले नाही तरी.

आता भारताचे आकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला लांब पल्ल्याचा तक्ता १९७० पासून सुरू होतो. त्या वर्षी देशात सुमारे १४,५०० मृत्यू, वाहने सुमारे १४ लाख, लोकसंख्या ५४ कोटींच्या आसपास. म्हणजे दर १० हजार वाहनांमागे १०३ मृत्यू. २०२२ मध्ये वाहने ३५ कोटींच्या घरात, त्यामुळे हेच प्रमाण ५ च्या आसपास येते. वीसपट सुधारणा! हा तक्ता कुणी स्लाइडवर दाखवला तर टाळ्या पडतील.

आता तेच मृत्यू लोकसंख्येने भागा. १९७० मध्ये दर लाख लोकांमागे २.७. २०२२ मध्ये १२ च्या वर. चौपटीहून जास्त बिघाड.

दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता वापरायचा हे तुम्ही काय विचारता यावर ठरते. एका वाहनाचा धोका कमी झाला का, असे विचारले तर पहिला. दर्यापूरच्या एखाद्या घरातला माणूस रस्त्यावर जाण्याची शक्यता कमी झाली का, असे विचारले तर दुसरा. पहिल्या मापात आणखी एक गोची आहे. नोंदणीकृत वाहनांत भंगारात गेलेल्या गाड्याही बराच काळ मोजल्या जातात. छेदातली संख्या फुगली की प्रमाण छान दिसते.

गंमत म्हणून स्मीडचे सूत्र भारताच्या २०२२ च्या आकड्यांना लावून पाहिले. उत्तर २ लाख ६० हजारांच्या आसपास येते. प्रत्यक्ष नोंद १ लाख ६८ हजार. म्हणजे आपण सूत्रापेक्षा चांगले? जरा थांबा. याच सूत्रापेक्षा इतर देश किती खाली गेले ते पाहा. जपानमध्ये १९७० मध्ये १६,७६५ मृत्यू झाले, तेव्हाच्या भारतापेक्षा जास्त. २०२० मध्ये तिथे २,८३९ झाले. वाहने कितीतरी वाढूनही. तेव्हा स्मीडचे सूत्र हे काहीच केले नाही तर काय होईल याचा अंदाज धरावा, त्याला पासची रेघ समजू नये.

जपानचे हे दोन्ही आकडे अपघातानंतर २४ तासांत झालेल्या मृत्यूंचे आहेत. आंतरराष्ट्रीय व्याख्या ३० दिवसांची आहे. अपघात झाला, रुग्ण अमरावतीला नेला, तिथून नागपूरला हलवला आणि बाराव्या दिवशी गेला, तर तो रस्ते अपघातातला मृत्यू धरायचा की नाही, हा प्रश्न व्याख्येचा आहे, आणि त्याहून जास्त कागद वेळेवर पोहोचण्याचा. पोलीस ठाणे एका जिल्ह्यात, रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोंद मागे राहण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साठी भारतातल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे २ लाख ९९ हजार असा दिला होता. सरकारी नोंद दीड लाखाची होती. सरकारला हा अंदाज मान्य नाही, पण एवढी तफावत असेल तर निम्मे कशाचे करायचे, हे आधी ठरवावे लागते.

वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागला की वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना गाडगेबाबा आठवतात. डिसेंबर १९५६ मध्ये आजारी बाबांना अमरावतीला नेत असताना त्यांनी तिथेच गाडीत देह ठेवला. तो अपघात नव्हता. पण मोठा दवाखाना अमरावतीतच आणि मधला वेळ रस्त्यावर, ही आपल्या भागाची जुनी गोष्ट आहे, आणि अपघातातल्या जखमीसाठी तो वेळच सगळे ठरवतो.

अपघात कमी, मृत्यू जास्त

आणखी एक माप आहे, अपघातांची तीव्रता. दर १०० अपघातांमागे किती मृत्यू. २०१० मध्ये देशात ४,९९,६२८ अपघात आणि १,३४,५१३ मृत्यू झाले, म्हणजे तीव्रता २७ च्या आसपास. २०२२ मध्ये अपघात ४,६१,३१२ वर आले, मृत्यू १,६८,४९१ वर गेले. तीव्रता ३६.५. अपघात कमी झाल्याची बातमी आणि मृत्यू वाढल्याची बातमी एकाच अहवालातून निघते.

महाराष्ट्राचे चित्र जास्त बोलके आहे. २०२२ मध्ये राज्यात ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. तीव्रता ४५ च्या वर. तमिळनाडूत ६४,१०५ अपघात आणि १७,८८४ मृत्यू, तीव्रता २८. मग तमिळनाडूतले लोक जास्त धडकतात पण कमी मरतात का? काही अंशी उपचार लवकर मिळत असतील. पण किरकोळ अपघात तिथे जास्त नोंदवले जातात, हेही त्यामागे असू शकते. आपल्याकडे पाय मोडला, गाडी वाकली तरी जागेवर समजुतीने मिटवतात. मृत्यू मिटवता येत नाही, तो नोंदवला जातो. त्यामुळे तीव्रतेच्या आकड्यावरून दोन राज्यांची थेट तुलना करू नये. मृत्यूंची संख्या त्या मानाने जास्त भरवशाची.

२०२२ च्या मृत्यूंपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, १९.५ टक्के पादचारी. हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून जास्त गेले. राष्ट्रीय महामार्ग देशाच्या एकूण लांबीच्या जेमतेम २ टक्के, पण मृत्यू ३६ टक्के. लांबीच्या विक्रमांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

दर्यापूरसाठी कोणता आकडा?

तालुक्याच्या पातळीवर मोजताना एक चूक सर्रास होते. समजा एका तालुक्यात एका वर्षी २० मृत्यू झाले आणि पुढच्या वर्षी १५. बैठकीत लगेच २५ टक्के घट असे सांगितले जाते. पण इतक्या लहान संख्येत चार-पाचचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तिसऱ्या वर्षी पुन्हा २१ झाले की बोलणी खायची वेळ येते, आणि तेही तितकेच चूक. तालुक्यासाठी तीन ते पाच वर्षांची सरासरी पाहिली तरच काही कळते.

ब्लॅक स्पॉटचा नियमही तीन वर्षांचाच आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत ५ गंभीर किंवा प्राणघातक अपघात, किंवा १० मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. दर्यापूरच्या माणसाने इथे एक लक्षात घ्यावे. हा निकष राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. ज्या जिल्हा मार्गांवर मृत्यू विखुरलेले असतात, एक या वळणावर, एक त्या पुलाजवळ, एक रात्री उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला धडकून, तिथे ५०० मीटरच्या चौकटीत ५ अपघात भरतच नाहीत. मृत्यू होतात, पण ठिकाण तयार होत नाही. २०२२ मध्ये देशातले ३९ टक्के मृत्यू राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग सोडून अशाच इतर रस्त्यांवरचे होते.

२०२१ पासून पोलीस अपघाताची नोंद मोबाइल अॅपवर करतात. आयआयटी मद्रास आणि एनआयसीने ही व्यवस्था उभी केली आहे. जागेचे अक्षांश-रेखांश, रस्त्याचा प्रकार, वाहन, हेल्मेट होते की नाही, सगळे त्यात भरायचे असते. नोंद नीट भरली गेली, तर दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावरचे विखुरलेले बिंदूही नकाशावर एका रेषेत दिसू शकतात आणि ५०० मीटरऐवजी अख्खा मार्ग धोकादायक म्हणून दुरुस्तीला घेता येतो. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत मागायचा असेल तर हाच नकाशा मागावा, मार्गनिहाय आणि पाच वर्षांचा.

जयकरांचे पुढे काय झाले?

रस्ते समितीचे काम त्यांच्या आयुष्यातले लहानसे पान ठरले. १९२८ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत नेहरू अहवालावरच्या जीनांच्या दुरुस्त्यांना त्यांनी हिंदू महासभेच्या बाजूने विरोध केला. पुढच्या फाळणीच्या इतिहासात त्या दिवसांची चर्चा अजून होते आणि जयकरांची भूमिका वादाचीच राहिली. १९३० मध्ये गांधीजी तुरुंगात असताना ते आणि तेजबहादूर सप्रू सरकार व काँग्रेस यांच्यात मध्यस्थी करत फिरत होते. गोलमेज परिषदेला ते गेले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटीत होते.

१९३७ मध्ये फेडरल कोर्ट सुरू झाले, तेव्हाच्या तीन न्यायमूर्तींपैकी ते एक. तिथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीत. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत त्यांनी दुरुस्ती मांडली, की मुस्लीम लीग आणि संस्थाने सभेत येईपर्यंत उद्दिष्टांचा ठराव पुढे ढकलावा. सभागृह रागावले होते. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने भाषण केले. ठराव जानेवारी १९४७ पर्यंत लांबला, लीग आलीच नाही आणि जयकरांनी लवकरच सभासदत्व सोडले.

१९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले, वयाच्या पंचाहत्तरीत. गव्हर्नरचा गणेशखिंडीतला बंगला विद्यापीठाला मिळाला. तिथल्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. १९५६ पर्यंत ते पदावर होते. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले, पण ते पूर्ण झाले नाही.

१० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले, वय ८५. नागपूर आराखड्याचे लांबीचे उद्दिष्ट त्यानंतर दोन वर्षांनी पूर्ण झाले. मंत्रालयाच्या अहवालातला मृत्यूंचा तक्ता १९७० पासून सुरू होतो.